वेंडलंड

वेंडलंड म्हणजे जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातला, एल्ब नदीच्या काठचा शेतकऱ्यांचा मुलुख. आजचा ल्यूखो-डानेनबर्ग जिल्हा बहुतेक यातच येतो, लोकवस्ती पन्नासेक हजार, अख्ख्या जर्मनीत एवढी कमी वस्ती दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याची नाही.

नावाची गोष्ट अशी की जर्मन लोक शेजारच्या स्लाव्ह लोकांना (पोलिश, रशियन यांच्या कुळातली भाषा बोलणाऱ्यांना) सरसकट वेंड म्हणायचे, म्हणून वेंडांचा देश तो वेंडलंड, आणि हे नाव रूढ झालं ते साधारण 1700 च्या सुमाराला. म्हणजे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं. या स्लाव्हांची स्वतःची नावं गावांत शिल्लक आहेत, वुस्त्रो म्हणजे बेट, आणि द्रावेन हा टापू म्हणजे झाडीत राहणाऱ्यांचा, त्यातला झाडाचा स्लाव्ह शब्द आणि आपल्या देवदारमधला संस्कृत 'दारु', म्हणजे लाकूड, हे एकाच मुळाचे, हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं!

इथली गावं गोल असतात, त्यांना रुंडलिंग म्हणतात. मधे मोकळं मैदान, आत यायला बहुधा एकच रस्ता, भोवती घरं, आणि प्रत्येकाची जमीन मागे पंख्यासारखी रुंद होत जाते. 12व्या शतकाच्या आसपास जर्मन सरदारांच्या राज्यात स्लाव्ह शेतकऱ्यांना वसवताना ही रचना झाली असं बरेच अभ्यासक मानतात. घरं लाकडी चौकटीची, माणसं, गुरं, धान्य एकाच छपराखाली, आणि मोठ्या दाराच्या वरच्या तुळईवर बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावं आणि साल कोरलेलं. ल्यूबेल्न गावात याचं म्युझियम आहे.

वेंडांची भाषा मात्र गेली. पोलाबियन तिचं नाव. झ्यूटन गावचा योहान पारुम शुल्त्से, जन्म 1677, शेती करायचा आणि गावातली खानावळ चालवायचा, त्याने गावच्या हकीकतीत आपल्या भाषेचे शब्द टिपून ठेवले आणि लिहिलं की मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, मी आणि गावातली आणखी तीन माणसं गेलो की वेंडिशमध्ये कुत्र्याला काय म्हणतात हे कोणाला धड माहीत नसेल. शिकलेल्या पाद्र्यांनीही शब्दसंग्रह केले, पण एका शेतकऱ्याने स्वतःच्या घरातली भाषा विझताना बघून हे लिहावं, ते वाचून पोटात कालवतं. 18व्या शतकाच्या मध्यात ही भाषा बोलणारं कोणी उरलं नाही.

1977 मध्ये इथल्या गोरलेबेन गावाची अणुकचरा साठवायला निवड झाली, त्याविरोधात 1979 मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट राज्याच्या राजधानीपर्यंत, हॅनोव्हरपर्यंत गेले, आणि मे 1980 मध्ये ड्रिलिंगच्या जागेवर झोपड्या बांधून आंदोलकांनी 'स्वतंत्र वेंडलंड प्रजासत्ताक' जाहीर केलं, वेंड पासपोर्टसुद्धा छापले. परक्यांनी ठेवलेलं नाव आता लोक स्वतःहून मिरवत होते. पोलिसांनी 33 दिवसांनी ती वस्ती पाडली, आणि कायमच्या साठवणीच्या यादीतून गोरलेबेन वगळलं गेलं ते 2020 मध्ये.