जेनेसिस पॉपकडे वळला त्यामागची गोष्ट

जुलै १९८६. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचं 'इनव्हिजिबल टच' पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि पुढच्याच आठवड्यात पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'नं त्याला खाली ढकललं. अकरा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला गायक आणि मागे राहिलेला बँड एकाच उन्हाळ्यात, नाचायला लावणारी गाणी करून शिखरावर होते. तरीही 'पॉप होऊन विकले गेले' हा आरोप गॅब्रिएलला फारसा चिकटला नाही. चिकटला तो बँडला, आणि त्यातही एकट्या फिल कॉलिन्सला. ड्रमर गायक झाला, हळूहळू मालक झाला आणि त्यानं एका थोर प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, थोडक्यात 'प्रोग') बँडची माती केली, अशी ही कहाणी जुने चाहते अजून सांगतात. सोयीची आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत.

मुळात हा बँड सुरू झाला तोच पॉप गाणी लिहिणाऱ्या शाळकरी मुलांचा म्हणून. इंग्लंडच्या सरे परगण्यातली चार्टरहाउस ही बड्या घरच्या मुलांची निवासी शाळा. तिथे १९६७ मध्ये गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स एकत्र आले. शाळेचाच माजी विद्यार्थी असलेला निर्माता जोनाथन किंग याला खूश करायला त्यांनी मुद्दाम बी जीज या लोकप्रिय पॉप बँडच्या वळणाचं 'द सायलेंट सन' लिहिलं. १९६८ मध्ये ते निघालं आणि पडलं. लांबलचक रचना, बारा तारांच्या गिटारी, मेलोट्रॉन या टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे पडदे, गॅब्रिएलचे मुखवटे हे सगळं त्यानंतरचं. कॉलिन्स १९७० मध्ये ड्रमर म्हणून आला, पाठोपाठ स्टीव्ह हॅकेट गिटारवर. 'फॉक्सट्रॉट'मधली (१९७२) 'सपर्स रेडी' ही तेवीस मिनिटांची रचना या काळाचं शिखर मानली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तीसुद्धा जवळून ऐकली तर छोट्या छोट्या गाण्यांची ओवलेली माळ निघते. तीन-चार मिनिटांत कान पकडणारी चाल बांधणं त्यांना तेव्हाही येत होतंच. १९७४ मध्ये 'आय नो व्हॉट आय लाइक' ब्रिटनच्या यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हा गायक गॅब्रिएल होता.

१९७५ मध्ये तो बँड सोडून गेला. नव्या गायकाच्या चाचण्या घेऊन थकल्यावर कॉलिन्सनंच माइक हातात घेतला. १९७७ मध्ये हॅकेटही गेला. उरले तिघं. याच सुमारास पंक हे साधं, आक्रमक रॉक आलं आणि प्रोग्रेसिव्ह रॉक मेलं, असं रॉकच्या इतिहासात ठोकून सांगितलं जातं. जेनेसिसपुरतं तरी ते खोटं आहे. १९७८ चा '...अँड देन देअर वेअर थ्री...' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं 'फॉलो यू फॉलो मी' सातव्या. साधं, हळवं प्रेमगीत, जुन्या गाण्यांतले ना राक्षस ना ग्रीक पुराणं. आणि ते कॉलिन्सनं लिहिलेलं नव्हतं! चाल तिघांनी मिळून बसवलेली, शब्द रदरफर्डचे.

खरा सांधा बदलला तो १९७९ मध्ये, आणि कारण घरगुती होतं. कॉलिन्सचं लग्न मोडायला आलं होतं. ते सावरायला तो कॅनडात व्हँकुव्हरला गेला. बँड थांबला. त्या मोकळ्या वेळात बँक्स आणि रदरफर्ड यांनी आपापले एकल अल्बम केले आणि साठवलेल्या चाली तिकडे खर्ची पडल्या. कॉलिन्सचं लग्न काही वाचलं नाही. तो परतला, घरी एकटाच बसून रोलंड कंपनीच्या सीआर-७८ या ठोकायंत्राच्या साथीनं गाणी जुळवू लागला. तिघं पुन्हा भेटले तेव्हा थोरल्या दोघांची झोळी जवळजवळ रिकामी. तेव्हा प्रत्येकानं आपली दोन-दोन गाणी द्यायची आणि बाकीचं खोलीत एकत्र बसून, वाजवता वाजवता शोधायचं असं ठरलं.

त्यातून आलेला 'ड्यूक' (१९८०) मला या बँडचा सर्वांत महत्त्वाचा अल्बम वाटतो. रेकॉर्डिंग झालं स्टॉकहोमला, 'आबा' या स्वीडिश पॉप बँडच्या पोलर स्टुडिओत. एकत्र बसून केलेला भाग मुळात जवळपास अर्ध्या तासाची एकच सलग रचना होती. आपली तुलना 'सपर्स रेडी'शी होईल म्हणून त्यांनी ती तोडून अल्बमभर पसरली. म्हणजे 'टर्न इट ऑन अगेन' हे रेडिओवर गाजलेलं गाणं एका प्रोग रचनेचा तुकडा आहे. त्याचं आवर्तन तेरा मात्रांचं. रूपकाच्या सात मात्रा अंगवळणी पडलेल्या कानांनीही एकदा बोटांवर मोजून बघावं, समेला हमखास चुकायला होतं. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिला अल्बम.

मग त्यांनी सरेमध्येच, चिडिंगफोल्ड गावाजवळ एक जागा घेतली आणि तिथे 'द फार्म' हा स्वतःचा स्टुडिओ उभारला. ताशी भाड्याचं घड्याळ डोक्यावर नाही, सराव आणि रेकॉर्डिंग एकाच छताखाली. आता कोणीही घरून तयार गाणं आणायचं नाही, ही पद्धत इथे घट्ट झाली. १९८३ च्या 'जेनेसिस' अल्बमपासून सगळ्या गाण्यांवर तिघांचीच नावं. यात ठोकायंत्राचं काम फार मोठं. गायक हाच ड्रमर असला की चाल शोधताना तो ड्रमच्या मागे अडकतो. यंत्रानं ताल धरल्यावर कॉलिन्स उठून माइकवर आला आणि बँक्सच्या सुरावटींवर तिथल्या तिथे, निरर्थक शब्दांत गुणगुणू लागला. चाली गळ्यातून जन्मू लागल्या म्हणून त्या गाण्यासारख्या झाल्या. आधी बँक्सची गुंतागुंतीची रचना पूर्ण व्हायची आणि गायकाला तिच्यात जागा शोधावी लागायची. माझ्या मते पॉपकडे नेणारा बदल हा आहे, बाजाराची गणितं नंतर.

ज्या ढमढम ड्रमच्या आवाजाला जुने चाहते नाकं मुरडतात त्याची जन्मकथा तर गमतीची आहे. तो सापडला गॅब्रिएलच्याच १९८० च्या अल्बमवर. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत कॉलिन्स पाहुणा ड्रमर म्हणून वाजवत होता, गॅब्रिएलनं झांजा अजिबात वाजवायच्या नाहीत अशी अट घातली होती. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेल्या माइकमधून ड्रम विलक्षण मोठे, दाबलेले ऐकू येतात हे ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅजमच्या लक्षात आलं; घुमारा वाढवायचा आणि एकदम कापून टाकायचा, ही युक्ती त्यातून निघाली. कॉलिन्सनं ती आपल्या एकल 'इन द एअर टुनाइट' या गाण्यात वापरली आणि पॅजमलाच जेनेसिसच्या 'अबकॅब'साठी (१९८१) बोलावलं. त्या अल्बमला त्यांनी जुन्या जेनेसिससारखं वाटणारं बरंच काही मुद्दाम फेकून दिलं आणि 'नो रिप्लाय ॲट ऑल'साठी 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचे ब्रासवादक आणले. हॉलंडमध्ये लायडनच्या प्रेक्षकांनी ही नवी गाणी हुर्यो करून परतवली.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. १९८३ चं 'इलीगल एलियन' आज मेक्सिकन लोकांची नक्कल म्हणून लाजिरवाणं वाटतं. पण त्याच अल्बमवर 'मामा' आहे: रदरफर्डनं लिन ड्रम यंत्रावर बांधलेला ओबडधोबड ठेका, त्यावर कॉलिन्सचं भेसूर हसू (ते सुचलं ग्रँडमास्टर फ्लॅशच्या 'द मेसेज' या रॅपवरून), आणि खरे ड्रम येतात ते गाणं बरंच पुढे गेल्यावर. ब्रिटनमध्ये चौथा क्रमांक, त्यांच्या इतर कोणत्याही सिंगलपेक्षा (सुट्या निघालेल्या गाण्यापेक्षा) वर. 'होम बाय द सी' आणि त्याचा उत्तरार्ध मिळून अकरा मिनिटं. चोर घरात शिरतो आणि तिथली भुतं त्याला बसवून आपल्या आठवणी ऐकवतात. हा मजकूर १९७१ च्या जेनेसिसनंही आनंदानं घेतला असता.

'इनव्हिजिबल टच'नं (१९८६) अमेरिकेत पहिल्या पाचांत पाच सिंगल दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात बँडनं लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम चार रात्री भरवलं. त्यातलं 'टुनाइट, टुनाइट, टुनाइट' रेडिओवर ऐकलेल्यांना ते अल्बमवर जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे याचा पत्ताच नसतो. 'डॉमिनो' दहा मिनिटांच्या वर, शेवटचं 'द ब्राझिलियन' तर गायनाविनाच. पण सिंगलनी झाकोळलेल्या अल्बमची नोंद समीक्षकांनी सिंगलवरूनच केली. त्यात १९९१ मध्ये ब्रेट ईस्टन एलिसच्या 'अमेरिकन सायको' या कादंबरीतल्या खुनी नायकानं 'ड्यूक'पासूनच्या जेनेसिसचं प्रकरणभर कौतुक केलं. उपहास होता तो त्या काळाच्या पोकळपणाचा, भुर्दंड बसला अल्बमना. पुढे अनेक वर्षं हे अल्बम आवडतात म्हणणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघत.

आपल्याकडे हा वाद फारसा पोचलाच नाही. स्टार टीव्हीबरोबर १९९१ मध्ये एमटीव्ही घरात आला तेव्हा पडद्यावर 'आय कान्ट डान्स'ची ती विचित्र चाल चालणारे तिघं मध्यमवयीन गृहस्थ म्हणजेच जेनेसिस, अशी अनेकांची पहिली ओळख झाली. मागे जाऊन 'फॉक्सट्रॉट' ऐकणारे थोडे, आणि त्यांना मधली सांधेजोड शोधावी लागली. ते गाणं असलेल्या 'वी कान्ट डान्स' याच अल्बमवर इंग्लंडचे रेल्वेमार्ग खोदणाऱ्या मजुरांवरचं दहा मिनिटांचं 'ड्रायव्हिंग द लास्ट स्पाइक' आहे, ते मात्र टीव्हीवर कधी दिसायचं नाही.

१९९६ मध्ये कॉलिन्सनं बँड सोडल्याचं जाहीर झालं. आरोप खरा असता तर आता अडथळा दूर झाला होता. बँक्स आणि रदरफर्ड यांनी रे विल्सन हा स्कॉटिश गायक घेऊन १९९७ मध्ये 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' काढला: गंभीर, काळोखा, सात-आठ मिनिटांची गाणी असलेला. पॉप त्यात नावालाच. जुने चाहतेही त्याच्याभोवती जमले नाहीत, आणि अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द करावा लागला.