हातांची बडबड

‘बाळ बोलण्याआधीच त्याच्याशी बोला, बुद्ध्यांक वाढवा!’ अशा जाहिराती हल्ली नव्या आईबाबांच्या मोबाइलवर हमखास येऊन पडतात. बाळाला ‘दूध’, ‘अजून’, ‘संपलं’ अशा दहा-बारा खुणा शिकवण्याचे हे वर्ग. घरातल्या आजीला मात्र धास्ती, की खुणांची सवय लागली तर पोर तोंडच उघडायचं नाही.

हे खूळ अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत लिंडा ॲक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांनी १९८०च्या दशकात त्यावर काम सुरू केलं. खुणा शिकलेली मुलं भाषेत थोडी पुढे असतात, असं त्यांना आढळलं. पुढे ब्रिटनमध्ये ४० बाळांना आठव्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत तपासलं, तेव्हा भाषेत तसा फायदा दिसला नाही. २०१३ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आया मात्र बाळाच्या न बोललेल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देऊ लागल्या होत्या. थोडक्यात, बुद्ध्यांकाचा दावा हवेतला आणि आजीची धास्तीही.

मला खरी भुरळ घातली ती वेगळ्याच प्रयोगाने. सहा-सात महिन्यांचं बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ करू लागतं. एक मत असं, की यात भाषा वगैरे काही नाही. जबडा उघडतो-मिटतो आणि त्यासोबत आवाज निघतो, इतकंच. मग मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या लॉरा-ॲन पेटिटो यांनी १९९१ साली दाखवलं, की बहिरी बाळं हातांनीही अशीच बडबड करतात. पण तीही नुसती हातांची चाळवाचाळव नसेल कशावरून?

म्हणून त्यांच्या गटाने उत्तम ऐकू येणारी सहा बाळं निवडली. तिघांचे आईवडील बहिरे, घरात फक्त सांकेतिक भाषा. तिघांच्या घरी नेहमीसारखी बोलभाषा. बाळांच्या हातांवर अवरक्त प्रकाश सोडणारे बारीक दिवे लावून प्रत्येक हालचाल त्रिमितीत टिपली आणि तिची वारंवारता मोजली. बोलत्या घरांतल्या बाळांचे हात साधारण अडीच ते तीन हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला अडीच-तीन वेळा हलत होते. सांकेतिक घरातली बाळंही तसे हात हलवत, पण त्यांच्याकडे आणखी एक जात सापडली: सुमारे एक हर्ट्झची संथ हालचाल. आणि ही संथ हालचाल मोठी माणसं खुणा करताना शरीरापुढची जी ठरावीक जागा वापरतात, बहुतेक तिथेच होत होती. हात तेच, स्नायू तेच, वयही तेच. फरक फक्त भोवतालच्या भाषेचा. बडबड म्हणजे निव्वळ स्नायूंचा खेळ असता, तर हा दुसरा आलेख उमटलाच नसता. बाळाचा मेंदू भाषेची लय पकडतो. ती कानांतून येते की डोळ्यांतून, याचं त्याला सोयरसुतक नाही. बाळं सहाच होती, हे खरं. तरी २००१ साली ‘नेचर’मध्ये आलेले ते आलेख मला अजून मोहात पाडतात.

जाहिरातीतल्या वर्गांत मात्र ही लय नसते, व्याकरण तर नाहीच. असतात सुटे शब्द. अमेरिकी सांकेतिक भाषेतली ‘दूध’ची खूण म्हणजे धार काढल्यासारखी मूठ उघडायची-मिटायची. बाळ ती आपल्या ‘टाटा’ किंवा ‘बाप्पाला जय कर’ इतक्याच सहजपणे उचलतं. मजेखातर जरूर शिकवा, पण त्यासाठी फी कशाला?

आपल्याकडे उशिरा बोलणाऱ्या मुलाला शंखातलं पाणी पाजतात, नाहीतर जिभेवर मधात उगाळलेलं वेखंड लावतात. शंखाच्या पाण्याने काहीच होत नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार देऊ शकतो. या उपायांत महिने जातात आणि मुलाला ऐकू येतं का, हे तपासायचं राहून जातं. बहुसंख्य बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांना सुट्या खुणा पुरत नाहीत, अख्खी भाषा लागते, आणि घरात ती कुणालाच येत नसते. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण करणारी केंद्र सरकारची संस्था दिल्लीत २०१५ साली उभी राहिली. श्रवणाची पहिली चाचणी तर जन्मानंतर काही दिवसांतच, बाळ झोपलेलं असताना, कानात छोटी कळी बसवून काही मिनिटांत होते.