बोट कललीय: वजन बाजूला गेलंय की वर गेलंय?

बोट धक्क्याला बांधलेली आहे, वारा पडलेला आहे, लाटही नाही, आणि तरी ती डावीकडं तीन-चार अंश कललेली दिसते. बघणारा जो तो एकच सल्ला देतो: उजवीकडं वजन टाका. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. पण कलण्याचं एक कारण असं आहे की हाच सल्ला पाळला तर बोट झटक्यात दुसऱ्या अंगावर आपटते आणि कधी कधी तिथंच न थांबता उलटते. बाहेरून दोन्ही बोटी सारख्याच दिसतात. वजन बाजूला गेल्यानं कलली तर जहाजावरची माणसं त्याला लिस्ट म्हणतात, वजन वर गेल्यानं कलली तर लोल.

कोल्हापुरात कुठली आलीय यॉट, असं कुणी विचारेल. समुद्र नसला तरी गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरला की तो आहेच, आणि मालवण-गोव्याच्या पर्यटक बोटींत इकडच्यांचे पैसे अडकलेले आहेत. जहाजावर इंजिनिअर म्हणून नोकरी करून रंकाळ्याकाठी परत आलेल्या माणसाला मग असले फोन येणारच.

आधी चालू बोटीचं कलणं बाजूला काढू, कारण त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. धक्क्याला सरळ उभी असणारी बोट वेगात गेल्यावरच कलत असेल तर ट्रिम टॅब (बोटीच्या मागच्या कडेला खाली-वर होणाऱ्या पट्ट्या) बघा, सुकाणू बघा, वारा बघा. एकच पंखा असलेल्या बोटीत पंखा मागून बघताना उजवीकडं फिरत असेल, तर त्याच्या प्रतिक्रियेनं बोट थोडी डावीकडं दबते. आडवा वारा असेल तर चालवणारा दिशा सांभाळायला सतत वाऱ्याकडं सुकाणू धरतो आणि सपाटून धावणारी बोट उलट वाऱ्याच्याच अंगाला कलते. इंजिन बंद केलं की हे सगळं संपतं. इंजिन बंद असतानाही जे उरतं, त्याबद्दल आपण बोलतोय.

गळीत हंगामात हातकणंगले-शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या बघा. एखादी कलते, कारण ऊस एका अंगाला जास्त भरलाय. दुसरी अगदी मधोमध भरलेली असते, पण इतकी उंच की वळणावर ती कुठल्या अंगाला जाईल याचा भरवसा नाही. पहिलीतला ऊस सरकवून भागतं, दुसरीतला उतरवावाच लागतो. लिस्ट म्हणजे पहिली ट्रॉली, लोल म्हणजे दुसरी. फरक एवढाच की रस्त्यावर दुसरी ट्रॉली थेट आडवी होते. बोटीला मात्र पाणी एका कोनात तात्पुरता आधार देतं, आणि तिथंच फसगत होते.

पाणी बोटीला वर ढकलतं. बोट थोडी कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि ढकलणाऱ्या बलाचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. त्या मध्यातून सरळ वर रेघ काढली तर ती बोटीच्या मधल्या रेघेला जिथं छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. बोटीचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर बोट कलल्यावर परत सरळ व्हायला बघते. दोन बिंदूंमधल्या उभ्या अंतराला जीएम म्हणतात. जीएम भरपूर असेल आणि वजन एका बाजूला गेलं असेल तर लिस्ट. गुरुत्वमध्यच मेटासेंटरच्या वर चढला, म्हणजे जीएम उणे झाला, तर लोल. अशी बोट सरळ उभी राहूच शकत नाही. ती कलते, कलल्यावर बाजूचा फुगीर भाग पाण्यात शिरतो, पाण्याच्या पातळीवरची रुंदी वाढते आणि कुठल्या तरी कोनात ती टेकते. डावीकडं टेकली हा योगायोग. उजवीकडंही तशीच टेकली असती.

हे खोटं वाटत असेल तर लाकडाच्या वखारीतून पाइनची चौकोनी पट्टी आणा, हातभर लांब, चारी बाजू सारख्या. पाण्याच्या टाकीत सपाट ठेवा आणि सोडा. पट्टी दोन्ही अंगांनी तंतोतंत सारखी आहे, कुठं जास्तीचं वजन नाही, तरी ती सपाट राहत नाही. साधारण ४५ अंशांत वळून कोपरा वर करून तरंगते. मला वाटतं लोल समजायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

लिस्टची कारणं मात्र कंटाळवाणी असतात आणि म्हणूनच ती लवकर सापडत नाहीत. सगळ्यात आधी दोर. ओहोटीला पाणी उतरलं आणि बांधलेले दोर ताणले गेले तर ते बोटीला एका अंगानं धरून ठेवतात. तळ वाळूला टेकला तरी तेच. दोर सैल सोडून, भरतीच्या वेळी, सगळ्यांना खाली उतरवून मगच मोजायला घ्या. मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो: एक मीटर दोरीचा ओळंबा आत केबिनमध्ये टांगा, साधारण १७ मिलिमीटर सरकला की एक अंश. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, मागचा डोंगर किंवा शेजारची बोट डोळ्यांना फसवते.

मग टाक्या. मोटर यॉटमध्ये डिझेलच्या दोन टाक्या डाव्या-उजव्या बाजूला असतात आणि मध्ये जोडणारा पाइप असतो. त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला की कललेल्या बाजूला डिझेल वाहत जातं, त्यानं बोट आणखी कलते, आणि आणखी डिझेल वाहतं. जनरेटर, बॅटऱ्या, स्वयंपाकघर, फ्रीज एकाच अंगाला बसवलेले असतात. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, पाणी वाहून जायची भोकं कचऱ्यानं बुजतात आणि पाणी एका कप्प्यात अडकतं. सँडविच डेकच्या, म्हणजे दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा भरलेल्या डेकच्या, आतला गाभा वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो. बाहेरून काही दिसत नाही, पण ठोकून बघितलं तर आवाज बद्द येतो.

आमच्या मेहुण्याचं उद्यमनगरात मशिनिंगचं वर्कशॉप आहे आणि मालवणच्या एका दुमजली पर्यटक बोटीत भागी आहे. त्याचा फोन असाच आला.

"दाजी, बोट डाव्या अंगाला बसलीया. उजव्या टाकीत डिझेल मारू काय?"

"थांब जरा. काल कुठल्या अंगाला होती?"

"कालबी डावीकडंच. गेल्या आठवड्यातबी."

"फेरी मारून आल्यावर वाढते?"

"व्हय की. सकाळी कमी असती, सांजच्याला जास्त."

या तीन उत्तरांत निदान झालं. बाजू कधी बदलत नाही, म्हणजे नुसता लोल तर नाही. इंजिन चालल्यावर वाढते, म्हणजे डिझेलचा मामला. डिझेल इंजिन टाकीतून ओढलेलं सगळं तेल जाळत नाही. बरंचसं रिटर्न पाइपनं परत पाठवतं. त्या बोटीत दोन्ही इंजिनांचे रिटर्न सर्व्हिसिंगनंतर डाव्या टाकीला जोडले गेले होते. दोन्ही टाक्यांतून तेल यायचं आणि उरलेलं सगळं डावीकडं जायचं. उजवीकडं आणखी डिझेल भरून दुखणं चार दिवस झाकलं गेलं असतं, एवढंच.

आता आकडे, कारण त्यातून एक धोक्याची खूण मिळते. बोट १२ टनांची, जीएम ०.९ मीटर. मधल्या रेघेपासून १.५ मीटरवर ३०० किलो जास्तीचं वजन आहे, म्हणजे साधारण ३५० लिटर डिझेल. बोट जवळपास २.४ अंश कलेल. हेच वजन, हीच जागा, पण जीएम घसरून ०.३ मीटरवर आला असेल तर कोन सात अंशांवर जातो. म्हणून सापडलेलं वजन आणि दिसणारा कोन यांचा मेळ बसतोय का, हे बघायलाच हवं. जास्तीचं वजन थोडं आणि कलणं फार, असं असेल तर नुसती लिस्ट समजून गप्प बसू नका. जीएम खचतोय आणि बोट लोलच्या वाटेवर आहे.

जीएम खचतो कसा? कारखान्यातून आलेल्या मोटर यॉटचं पोट रुंद आणि कडा धारदार असतात, तिला सुरुवातीला जीएम भरपूर मिळतो. मग मालकाची हौस सुरू होते. वरच्या मजल्यावर पक्कं छप्पर, त्यावर सोलर पॅनेल, वरच एसी, वरच फ्रीज, छोटी होडी आणि ती उचलायला क्रेन, शिवाय वीस-पंचवीस पर्यटक. यातलं प्रत्येक वजन मधोमध असेल, तरी गुरुत्वमध्य वर चढतो. धक्क्याला बोट सरळच दिसते आणि मालक म्हणतो, बघा, काही झालं नाही.

दुसरा चोर म्हणजे टाकीत किंवा तळात मोकळं हिंदकळणारं पाणी. बोट कलली की ते त्याच बाजूला धावतं, आणि हिशेबात गुरुत्वमध्य वर चढल्यासारखाच परिणाम होतो. इथं रुंदी फार महत्त्वाची, कारण परिणाम रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. वरच्याच १२ टनांच्या बोटीत २ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी एकच डिझेल टाकी अर्धी भरलेली असेल तर जीएम ०.३ मीटरहून जास्त घटतो. मधोमध उभा पडदा घालून तिचे डावा-उजवा असे दोन भाग केले की नुकसान चौथाईवर येतं. पूर्ण भरलेली टाकी किंवा पूर्ण रिकामी टाकी यातला कुठलाच त्रास देत नाही.

वर साठलेलं पाणी तर दुहेरी मार देतं. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या धक्क्याला नॉर्मंडी या प्रचंड प्रवासी जहाजाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी वरच्या मजल्यांवर साठत गेलं आणि आग आटोक्यात आल्यावर जहाज धक्क्यालाच आडवं झालं.

ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न. लिस्ट असलेली बोट लाटेनं हलते आणि परत त्याच कोनात, त्याच बाजूला येते. लोल असलेली सकाळी डावीकडं तर दुपारी उजवीकडं टेकलेली सापडते. मोठ्या बोटीची लाट आली की ती एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पडते आणि तिथंच राहते. तिचं डुलणं सुस्त असतं. झोक्याच्या टोकाला ती रेंगाळते, परत यावं की नाही अशी. हे घड्याळानंही कळतं. एका पूर्ण झोक्याचा काळ साधारण असा निघतो: बोटीची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला ०.८ नं गुणा आणि जीएमच्या वर्गमुळानं भागा. साडेचार मीटर रुंद बोटीचा जीएम ०.९ असेल तर पावणेचार सेकंदांच्या आसपास. जीएम चौथाई झाला की वेळ दुप्पट. नवी घेतली तेव्हाच आपल्या बोटीचा झोका मोजून इंजिनरूमच्या दारावर लिहून ठेवावा, असं मी सगळ्यांना सांगतो. कुणी लिहीत नाही.

तपासायला म्हणून माणसांना मात्र इकडून तिकडं पळवू नका. स्वीडनच्या वासा या युद्धनौकेवर हा प्रयोग झाला होता. ३० माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावली, आणि नौका इतकी डुलू लागली की प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तरी १० ऑगस्ट १६२८ ला तिला स्टॉकहोमहून निघू दिलं. पहिल्याच सफरीत, बंदर सुटायच्या आत, वाऱ्याच्या झोतानं ती कलली, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि ती बुडाली. आपल्याकडं रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं जाताना उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मोठ्या लाटेनं ती कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असं तेव्हापासून सांगितलं जातं. डॉल्फिन दिसला की वरच्या मजल्यावरचे सगळे एकाच कठड्याला येतात, तेव्हा वजन वरही गेलेलं असतं आणि बाजूलाही. मालवणच्या फेरीत माझं लक्ष डॉल्फिनकडं कमी असतं ते त्यामुळं.

लिस्टचा उपाय सरळ आहे: वर उठलेल्या बाजूला वजन सरकवा, टाक्या समान करा, अडकलेलं पाणी काढा.

लोलमध्ये वर उठलेल्या बाजूला काहीही टाकायचं नाही. टाकलं तर बोट आधी सरळ होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग दुसरीकडं पडताना तिच्या वेगात त्या वजनाची भर पडते. आधी वरच्या मजल्यावरची माणसं हळूहळू खाली आणायची, मधोमध बसवायची. सामान खाली. छतावरची होडी क्रेननं बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. लटकणाऱ्या वजनाचा भार क्रेनच्या टोकाशी धरला जातो, म्हणजे उचलल्या क्षणी ते आणखी उंच गेल्यासारखं. मोकळं पाणी उपसायचं, वरच्या मजल्यावरचं सगळ्यात आधी. आणि तळाशी टाकी भरायचीच असेल तर अरुंद टाकी, एका वेळी एकच, काठोकाठ, आणि पहिली टाकी कललेल्या बाजूची. ऐकायला हे उलटं वाटतं. बोट सुरुवातीला आणखी थोडी कलतेही, पण ती त्याच बाजूला धरून राहते आणि गुरुत्वमध्य खाली येत जातो. त्यानंतर दुसऱ्या बाजूची टाकी.

दोन्ही दुखणी एकत्रही असतात: जीएम उणे आणि शिवाय एका बाजूला वजन. तेव्हा बोट जवळजवळ नेहमी एकाच अंगाला कलते, त्यामुळं बाजू बदलत नाही ही खूण कामाची राहत नाही. कोनाचा आणि वजनाचा मेळ, सुस्त झोका, आणि गेल्या वर्षभरात वर काय काय बसवलं याची यादी, एवढंच हाताशी उरतं. शंका असेल तर लोल समजूनच वागायचं: आधी वरचं खाली आणा, बाजूचं नंतर बघा.

धक्क्याला आल्यावर नेव्हल आर्किटेक्टला, म्हणजे बोटींचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला, बोलावून इन्क्लायनिंग टेस्ट (बोट मुद्दाम थोडी कलवून जीएम काढायची चाचणी) करून घ्या. पाणी शांत हवं, दोर सैल, टाक्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, बोटीवर लागतील तेवढीच माणसं. माहीत असलेलं वजन मोजलेल्या अंतरावर आडवं सरकवतात, ओळंबा किती हलला ते वाचतात आणि त्यावरून जीएम काढतात. वर काही नवीन बसवायचं असेल तर ते या आकड्यानंतर, आणि त्याचं वजन व डेकपासूनची उंची दोन्ही लिहून.