मेसन बंधूचे स्मरण

मेसन बंधूचे स्मरण : फ्रीमेसन या बंधुभावावर उभ्या असलेल्या जुन्या संघटनेत अनेक वर्षे काम केलेला, सर्वांचा लाडका सदस्य वारल्यावर त्याच्या लॉजमधले, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखेतले, सहकारी ज्या रीतीने त्याची आठवण जपतात ती पद्धत. विदर्भातल्या एखाद्या खेड्यातून शिकून वकिली, डॉक्टरी किंवा सरकारी नोकरीसाठी शहरात गेलेला माणूस मेसन, म्हणजे या संघटनेचा सदस्य, असेल, तर हे स्मरण दोन ठिकाणी होते. एक शहरातल्या लॉजमध्ये आणि दुसरे गावच्या स्मशानघाटावर. या दोन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना क्वचितच ओळखतात. गेलेल्या माणसाचे अर्धे आयुष्य इकडे आणि अर्धे तिकडे माहीत असते, म्हणून विदर्भात या विषयाची नोंद वेगळी करावी लागते.

फ्रीमेसन संघटनेचा उगम युरोपातल्या दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संघांशी जोडला जातो. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची वरिष्ठ संस्था, स्थापन केले आणि १७२३ मध्ये त्याची घटना, म्हणजे नियमावली, छापली गेली. तोवर संघटनेत प्रत्यक्ष गवंडी थोडेच उरले होते, पण अवजारे मात्र राहिली. काटकोन तपासायचा गुण्या सरळ वागणुकीची खूण झाला, ओळंबा ताठ उभ्या चारित्र्याची, सपाटी दाखवणारी पाणसळ समतेची आणि कंपास स्वतःला घातलेल्या मर्यादेची. सदस्याला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी शिकाऊ, मग कारागीर आणि शेवटी मास्टर मेसन. ईश्वरावर श्रद्धा असणे ही प्रवेशाची अट आहे. ती कोणत्या धर्माची, हे विचारले जात नाही आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालायला बंदी असते. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता हे ग्रंथ एकत्र ठेवलेले दिसतात. सदस्य एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात. मूळ परंपरेत सदस्यत्व पुरुषांपुरतेच आहे.

हिंदुस्थानात ही संघटना ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर आली. कलकत्त्यात १७३० च्या सुमारास पहिले लॉज उभे राहिले. देशी लोकांना सर्रास आत घ्यायला मात्र शंभरावर वर्षे गेली. मुंबईत १८४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या लॉजने ती दारे उघडली आणि प्रवेशासाठी झटलेले पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांचे नाव त्या इतिहासात कायमचे कोरले गेले. स्वतंत्र भारताचे ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाले. विदर्भापुरते पाहिले तर इंग्रजी रीतीच्या संस्था इथे छावणी, कचेरी आणि रेल्वे या वाटांनी शिरल्या. कन्हानच्या काठी कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली, वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. खेड्याशी लॉजचा थेट संबंध आला नाही. बंद दारामागे काय चालते हे न कळल्यामुळे हिंदुस्थानात अनेक ठिकाणी लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणू लागले. ती भीती निराधार होती. पण तिच्यामुळे एक नुकसान झाले. लॉजमधून गुपचूप झालेली चांगली कामे लोकांच्या आठवणीत शिरलीच नाहीत.

मृत्यूचा विचार मेसन परंपरेच्या गाभ्यातच आहे. तिसऱ्या पायरीची दीक्षा हिराम अबिफ याच्या कथेवर उभी आहे. हिराम हा बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर. तीन कामगारांनी त्याला त्याच्या पदाचे गुपित विचारले. त्याने ते सांगितले नाही, म्हणून त्यांनी त्याला मारून पुरले. पुढे शोधणाऱ्यांना ती जागा अकेशियाच्या डहाळीवरून सापडली, असे कथा सांगते. तेव्हापासून अकेशिया ही मेसनांची अमरत्वाची खूण आहे. अंत्यसंस्काराच्या वेळी मेसॉनिक विधी करण्याची प्रथा जिथे आहे, विशेषतः अमेरिकेत, तिथे एकेक बंधू पुढे येऊन सदाहरित डहाळी शवपेटीवर किंवा कबरीत ठेवतो. मूळ अकेशिया पश्चिम आशियाच्या वाळवंटातला. त्याचा जवळचा नातलग म्हणजे आपली बाभूळ, जिला वनस्पतिशास्त्रात बराच काळ अकेशिया निलोटिका हेच नाव होते. विदर्भात बाभूळ धुऱ्याधुऱ्यावर उभी असते. तिच्या लाकडाची वखरे आणि बंडीची चाके होत, शेंगा शेळ्या खातात, काट्यांचे कुंपण होते, कोवळ्या काडीचे दातवण होते आणि चैत्र-वैशाखात सगळे शिवार वाळलेले असताना तीच हिरवी राहते. मेसनांनी अमरत्वासाठी निवडलेले झाड या प्रदेशात इतके कामाचे असावे, हे मनाला फार भावते. इथल्या एखाद्या मेसनसाठी डहाळी हवी असेल तर ती त्याच्याच वावरातून आणता येईल.

दुसरी वस्तू म्हणजे एप्रन. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचे हे एप्रन सदस्याला पहिल्या दीक्षेच्या दिवशी मिळते. पुढे पद वाढले की एप्रनला रंगीत किनार आणि चिन्हे लागतात, पण पहिल्या पांढऱ्या एप्रनचा मान सर्वांत मोठा मानला जातो. मेसॉनिक अंत्यविधी जिथे होतो तिथे बहुधा तेच मृतासोबत जाते. काही देशांत त्या काळात लॉजची वेदी किंवा आसन काळ्या कापडाने झाकतात. अंत्यविधीनंतर वेगळी शोकबैठक भरवण्याची रीत युरोपात अठराव्या शतकात रुजली. स्वतः मेसन असलेल्या मोझार्टने १७८५ मध्ये दोन दिवंगत बंधूंसाठी शोकसंगीत रचले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नातल्या लॉजच्या शोकबैठकीत ते वाजवले गेले. इंग्रजी वळणाच्या लॉजमध्ये एवढा थाट नसतो. बैठकीच्या सुरुवातीला नाव पुकारले जाते, सगळे उभे राहून मौन पाळतात आणि इतिवृत्तात नोंद होते. त्याच वळणाच्या लॉजमध्ये रात्रीच्या जेवणाला नऊच्या ठोक्याला गैरहजर बंधूंच्या नावाने पेला उचलण्याची प्रथा आहे. नऊ वाजता घड्याळाचे दोन काटे बरोबर गुण्यात असतात.

दीर्घसेवी आणि लाडका म्हणजे कोण, हे लॉजच्या रचनेवरून समजते. लॉजचा प्रमुख, म्हणजे वर्शिपफुल मास्टर, साधारणपणे वर्षभरासाठी निवडला जातो. वर्ष संपले की तो पास्ट मास्टर होऊन बाकावर बसतो. लॉज खरोखर चालवतात ती वर्षानुवर्षे न बदलणारी माणसे. पत्रे लिहिणारा, वर्गणी मागणारा आणि जुने दप्तर सांभाळणारा सेक्रेटरी, हिशेब पाहणारा ट्रेझरर, आजारी बंधूंची व विधवांची चौकशी करणारा अल्मनर आणि दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा टायलर. टायलरचे काम सर्वांत एकाकी. सगळी बैठक आत चाललेली असते आणि तो बाहेर. जेवणाच्या शेवटी गरीब व संकटात सापडलेल्या मेसनांसाठी पेला उचलण्याचा मान मात्र त्याच्याकडे असतो. पन्नास वर्षे सदस्य राहिलेल्याचा गौरव अनेक ग्रँड लॉज करतात. तरीही माणूस लाडका होतो तो पदकाने नव्हे. नव्या सदस्याला विधीतले पाठ शिकवण्यासाठी संध्याकाळ देणारा आणि कोणाचे काय अडले आहे हे न सांगता ओळखणारा बंधूच पुढच्या पिढीच्या तोंडी राहतो.

गावात मात्र यातले काहीच पोहोचलेले नसते. तिथे तो अमक्याचा थोरला, शाळेला बाके देणारा, दिवाळीत येऊन वावर पाहून जाणारा. ग्रामीण विदर्भात मयत झाली की आप्तांना निरोप जातात, सोयरे येईपर्यंत प्रेत ठेवतात, वाटेत विसाव्याला तिरडी टेकवतात, आणि अग्नी दिल्यावर लोक लगेच पांगत नाहीत. घाटावरच शोकसभा भरते. सरपंच, शाळेचे गुरुजी, सोसायटीचा अध्यक्ष, एखादा बालमित्र असे एकामागून एक दोन शब्द बोलतात आणि शेवटी सगळे मौन पाळतात. मग राख सावडणे, दशक्रिया, तेरवी. फ्रीमेसन संघटना स्वतःला धर्म मानत नाही. त्यामुळे कुटुंबाच्या विधीत लॉजने काही घालावे असा तिचा आग्रह नसतो. शहरातून आलेला सहकारी म्हणूनच बहुधा मागे उभा राहतो आणि न बोलता परततो. ही विनयाची रीत समजण्यासारखी असली तरी इथे ती मोडावी. घाटावरची शोकसभा परक्यालाही बोलू देते. बैठकीतल्या खुणा आणि शब्द सांगण्यास मेसनाला मनाई आहे, पण दिवंगत बंधूने किती वर्षे कोणते काम केले हे सांगण्याने कोणतेही व्रत मोडत नाही. मुलाबाळांना आपल्या बापाचा तो भाग तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळतो.

सेवेकऱ्याला कसे स्मरावे याची विदर्भाची स्वतःची परंपरा आहे आणि मेसन रीतीशी ती अनेक ठिकाणी जुळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महानिर्वाण झाले. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी येथे दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांना मौन श्रद्धांजली वाहिली जाते. त्या क्षणी भगव्या टोप्या घातलेला तो अफाट समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. घड्याळाच्या एका ठरावीक क्षणाला स्मरण बांधून ठेवण्याची कल्पना लॉजच्या नऊच्या ठोक्यातही आहे. फरक इतकाच की मोझरीचे मौन सर्वांसाठी उघडे आहे. त्यात बायामाणसे असतात, लेकरे असतात, कोणत्याही जातीधर्माचा वाटसरू असतो. तुकडोजी महाराजांच्या श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांत सामुदायिक प्रार्थनेला सगळे एका पातळीवर बसतात. मेसन ज्याला पाणसळ म्हणतात ती इथे सतरंजीवर दिसते.

दुसरे उदाहरण वर्ध्याचे. जमनालाल बजाज ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे वारले. त्याच महिन्यात गांधीजींनी जमनालालजींच्या मित्रांना वर्ध्याला बोलावले. गुणगान करण्यासाठी नव्हे, तर त्यांची अपुरी राहिलेली कामे कोण उचलणार हे ठरवण्यासाठी. अखेरच्या काळात जमनालालजींनी गोसेवेला वाहून घेतले होते. ते काम त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी पत्करले आणि पुढे अनेक वर्षे चालवले. जमनालालजी मेसन नव्हते आणि त्या बैठकीचा लॉजशी संबंध नव्हता. पण दीर्घसेवी माणसाच्या शोकबैठकीचा याहून चांगला नमुना विदर्भात सापडणे कठीण. सेक्रेटरी गेल्यावर त्याच्या कामांची यादी करून ती वाटून घेणारे लॉज त्याला खऱ्या अर्थाने स्मरते. केवळ फोटो लावणारे लॉज तितके करत नाही.

बायबलमध्ये हिराम हा विधवेचा मुलगा म्हणून येतो. दिवंगत बंधूच्या पत्नीची आणि मुलांची काळजी घेणे हे मेसनांचे जुने कर्तव्य आहे आणि त्यासाठी लॉजचा मदतनिधी असतो. ग्रामीण विदर्भात या काळजीचे स्वरूप पैशापुरते राहत नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर तलाठ्याकडे वारस फेरफार, सातबाऱ्यावर बाईचे नाव, सोसायटीचे पीककर्ज, पेन्शनचे कागद, बँकेतले नामनिर्देशन अशी कामांची रांग लागते. ज्या घरात सगळा व्यवहार एकट्या पुरुषाच्या हातात होता, तिथे ती बाई दारोदार फिरते आणि अनेकदा दीर-जावांच्या दयेवर राहते. लॉजमध्ये वकील असतात, निवृत्त अधिकारी असतात, बँकेतली माणसे असतात. तहसील कचेरीत तिच्यासोबत दोनदा जाणारा बंधू तेरवीला पाकीट देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. जुन्या अल्मनरच्या कामाचा अर्थ इथे हाच होतो.

स्मरणलेख लिहिताना लॉजची पदवी आणि गावची ओळख दोन्ही यायला हवीत. दीक्षेचे वर्ष, मास्टरपदाचे वर्ष, सांभाळलेली पदे आणि शिकवलेले शिष्य यांची माहिती लॉजच्या दप्तरातून मिळते. गावाची माहिती मिळवायला गावातच जावे लागते. त्याने कोणाच्या मुलाची फी भरली, विहिरीच्या वादात कोणाला समजावले, पोळ्याला येणे कधी चुकवले नाही, हे पारावर बसलेली माणसे सांगतात. गौरवाचे ठरीव शब्द टाळावेत, कारण ते कोणालाही लागू होतात. लेखाची एक प्रत लॉजच्या दप्तरात आणि दुसरी मराठीत गावच्या वाचनालयात ठेवावी. कुटुंबाची संमती मात्र आधी घ्यावी. हयात असलेल्या दुसऱ्या सदस्यांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय लिहू नयेत. एप्रन मागे उरले असेल तर ते कोणाकडे राहावे हे घरच्यांनी ठरवावे. ते लॉजला परत दिले गेले तर एखाद्या नव्या सदस्याला देता येते आणि घरात राहिले तर त्यासोबत ते कशाचे आहे, कधी मिळाले, याची चिठ्ठी ठेवावी.