छतावरचं टपाल आणि इंजिनाशिवाय फिरणारा पंखा

जुन्या घरगुती फिल्मच्या तुकड्यांना हल्ली इंटरनेटवर चांगले दिवस आले आहेत. त्यात अमेरिकेतल्या एका इमारतीच्या छतावर उतरणारं आणि तिथूनच उडणारं एक चमत्कारिक विमान अधूनमधून दिसतं. नाकावर नेहमीचा प्रोपेलर, डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी लांब पाती, आणि पंखांचा पत्ता नाही. खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'टपाल नेणारं जगातलं पहिलं हेलिकॉप्टर'. दुसरा कुणी म्हणतो, पंखा उलटा फिरतोय, म्हणजे व्हिडिओ बनावट आहे.

दुसऱ्याची शंका आधी मिटवू. त्या काळचे हौशी मूकपट कॅमेरे साधारणपणे सेकंदाला १६ चित्रं घेत. डोक्यावरच्या तीन पात्यांचा पंखा मिनिटाला २०० फेरे घेतोय असं धरा. म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो ७५ अंश पुढे जातो. पण तिन्ही पाती दिसायला सारखी आणि एकमेकींपासून १२० अंशांवर. पहिलं पातं ७५ अंश पुढे गेलं, तेव्हा त्याच्या मागचं पातं पहिल्याच्या जुन्या जागेच्या ४५ अंश मागे येऊन ठेपलेलं असतं. डोळा जवळची जोडी जुळवतो, आणि पंखा उलटा फिरल्यासारखा वाटतो. फेऱ्यांचा वेग थोडा बदलला की तोच पंखा थबकलेला किंवा सुलटा फिरतानाही दिसेल. बनावट काही नाही, गणित आहे.

आता हेलिकॉप्टरचं. हा ऑटोजायरो. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन डोक्यावरचा पंखा फिरवतं. ऑटोजायरोत इंजिन फक्त नाकावरचा प्रोपेलर फिरवतं, आणि डोक्यावरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, उड्डाणात इंजिनाला जोडलेलाच नसतो. तो वाऱ्यावर फिरतो, आणि तरीही विमानाचं सगळं वजन तोच पेलतो.

ती इमारत म्हणजे फिलाडेल्फियाच्या ३० व्या रस्त्यावरची टपाल कचेरी. ती १९३५ साली उघडली, तेव्हाच तिचं छत ऑटोजायरो उतरवायच्या हिशेबाने बांधलं होतं. ६ जुलै १९३९ पासून वर्षभर या छतावरून डेलावेअर नदीपलीकडच्या कॅमडेन विमानतळावर ईस्टर्न एअर लाइन्सने वेळापत्रकानुसार टपाल नेलं. फिरत्या पंखाच्या विमानाने चाललेली ही पहिली नियमित टपालसेवा. अंतर जेमतेम १० किलोमीटर, पाच-सहा मिनिटांचं उड्डाण. (आपल्याकडे १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली, तेही अंतर जवळपास एवढंच. हवाई टपालाला नद्यांचं भारी प्रेम दिसतं.) विमान होतं केलेट कंपनीचं केडी-१बी: २२५ अश्वशक्तीचं इंजिन, १२ मीटरहून थोडा मोठा रोटर. वैमानिक जॉन मिलर. यानेच १९३१ साली ऑटोजायरोने अमेरिका आरपार ओलांडली होती, प्रसिद्ध वैमानिक अमेलिया एअरहार्टच्याही आधी. पुढे गडी शंभरी ओलांडून जगला.

इमारतीच्या कडेवर आपटून वारा वर उसळतो, भोवरे घालतो. छतावर उतरताना वैमानिकाचा खरा झगडा त्याच्याशी. लांब धावपट्टी नाही, चूक झाली तर खाली रस्ता. हे जमलं ते रोटरमुळे.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. बहुतेकांना वाटतं, रोटर भिंगरीसारखा फिरत असणार: वारा आला, पात्याच्या उतारावर आपटला, पातं ढकललं गेलं. पण भिंगरीचा नियम लावला तर ऑटोजायरोचा रोटर खरोखरच उलटा फिरायला हवा! त्याच्या पात्याची पुढची कड किंचित वर उचललेली असते. खालून येणारा वारा अशा पात्याला मागच्या बाजूला ढकलेल. प्रत्यक्षात पातं वाऱ्यात पुढे घुसतं. कसं?

उड्डाणात रोटरची तबकडी, म्हणजे फिरत्या पात्यांनी आखलेलं वर्तुळ, थोडी मागे कललेली असते, त्यामुळे समोरची हवा तिच्यातून खालून वर जाते. या वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ४ मीटर धरू. मिनिटाला २०० फेरे असतील, तर केंद्रापासून ३ मीटरवरचा पात्याचा तुकडा सेकंदाला सुमारे ६३ मीटर वेगाने धावतोय. त्या तुकड्याला वारा जवळजवळ समोरून आणि जरासा खालून, साधारण ३.६ अंशांनी, आल्यासारखा वाटतो. पात्यावर मिळणारी उचल, म्हणजे विमान वर धरणारा जोर, नेहमी वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असते. वारा ३.६ अंश खालून आला, तर उचलही तेवढीच पुढे झुकते. हा झुकाव पात्याला पुढे ओढतो. उलट बाजूने हवेचा रोध मागे खेचतो. चांगल्या पात्याचा रोध उचलीच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढा धरला, तर तो पावणेतीन-तीन अंशांचा झुकाव खाऊन टाकतो. ३.६ उणे २.९. जे उरतं, त्यावर रोटर फिरतो.

टोकाकडे, ६ मीटरवर, वेग दुप्पट होतो, म्हणून वाऱ्याचा कोन निम्मा, १.८ अंशच. तिथे रोध जिंकतो आणि टोक ब्रेकसारखं वागतं. केंद्राजवळ वेग इतका कमी की वारा फारच तिरका येतो आणि पातं 'स्टॉल' होतं, म्हणजे उचल कोसळते. सारांश, पात्याचा मधला भाग पंखा चालवतो आणि टोक त्याला आवरतं. रोटरचा वेग वाढला की सगळीकडचे कोन कमी होतात आणि ओढ घटते. वेग पडला की कोन वाढतात, ओढ वाढते. वेग आपोआप एका जागी स्थिरावतो, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. मात्र हे सगळं रोटर आधीपासून जोरात फिरत असेल तरच. म्हणून उड्डाणापूर्वी इंजिनाला क्लच लावून रोटर फिरवून घ्यायचा, मग क्लच सोडायचा आणि थोडकं धावून निघायचं.

'वाऱ्यावर फिरतो' म्हटलं की फुकट ऊर्जेवाले जागे होतात. पंखा मोटर फिरवतोय आणि मोटर पंखा, असे व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आले असतील. इथे फुकट काही नाही. तिरका रोटर हवेतून ओढायला नाकावरचा प्रोपेलर सतत पेट्रोल जाळतो. इंजिन बंद पडलं तर विमान खाली येऊ लागतं, आणि मग उंचीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर रोटर फिरत राहतो. दगडासारखं पडत नाही, एवढाच फायदा. तो काही थोडाथोडका नाही.

याच फायद्यासाठी स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वाने हा खटाटोप आरंभला. १९१९ साली त्याचं तीन इंजिनांचं विमान वेग कमी पडून स्टॉल झालं आणि कोसळलं. वेग पडला तरी पंख फिरता राहावा, ही त्याची कल्पना. पण त्याचे सुरुवातीचे ऑटोजायरो उडण्याऐवजी कलंडत. कारण सरळ आहे. विमान ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला त्याच्या वेगात २८ मीटर प्रतिसेकंदाची भर पडते, मागे जाणाऱ्याचे तेवढेच कमी होतात. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ अडीचपट उचल. विमान कुशीवर न पडलं तरच नवल. लवचीक पात्यांचं छोटं मॉडेल मात्र झकास उडायचं. त्यावरून सिएर्वाने प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं. पुढे येणारं पातं जास्त उचलीने वर जाऊ लागतं. वर जाताना त्याला वारा वरून आल्यासारखा लागतो, कोन घटतो, उचल कमी होते. मागे जाणारं पातं खाली येतं आणि त्याची उचल वाढते. दोन्ही बाजू समसमान. पातं छत्रीसारखं उलटून वर का मिटत नाही? फिरण्यामुळे बाहेर खेचणारी ओढ त्याला ताणून धरते.

आणखी एक गंमत आहे, इथे थोडं डोकं खाजवावं लागेल. बिजागरीवरच्या पात्याची वर-खाली डुलण्याची नैसर्गिक वारंवारता रोटरच्या फेऱ्यांच्या वारंवारतेएवढीच असते, म्हणजे झोक्याला त्याच्याच लयीत धक्के मिळावेत, तसं ते अनुनादात चालतं. अनुनादात परिणाम कारणाच्या पाव फेरा मागून येतो. पुढे येणाऱ्या पात्याला बाजूला असताना वर जायचा सर्वांत मोठा धक्का मिळतो, पण ते सर्वांत उंच पोचतं पाव फेऱ्यानंतर, विमानाच्या नाकासमोर. म्हणजे तबकडी आपसूक मागे कलते. जानेवारी १९२३ मध्ये सिएर्वाचं सी-४ माद्रिदजवळच्या खेताफेला उडालं ते या बिजागरीच्या जोरावर. सिएर्वा स्वतः १९३६ साली क्रॉयडनला एका साध्या पंखांच्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला.

फिलाडेल्फियाची सेवा जुलै १९४० मध्ये थांबली. मला तर ती फार काळ टिकती असं वाटत नाही. दहा किलोमीटरसाठी मोटारगाडी स्वस्त, आणि विमान थोडकंच ओझं नेणार. शिवाय सेवा सुरू होऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा १४ सप्टेंबर १९३९ रोजी सिकोर्स्कीचं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर दोरखंडाने बांधलेलं का होईना, जमिनीवरून उचललं गेलं. हवेत एका जागी थांबू शकणाऱ्या हेलिकॉप्टरपुढे ऑटोजायरो मागे पडला. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये टपाल हेलिकॉप्टरने जाऊ लागलं.

पण त्या हेलिकॉप्टरांनी बिजागऱ्या उचलल्या त्या सिएर्वाकडूनच. इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर उतरवताना वैमानिक पात्यांचा कोन कमी करतो, हवा खालून वर जाऊ लागते, आणि ते यंत्र काही काळ ऑटोजायरोच बनतं. अमेरिकेत सिएर्वाचं तंत्र आणणाऱ्या हॅरल्ड पिटकेर्नच्या कंपनीने पेटंटांच्या वापरावरून थेट अमेरिकी सरकारवर खटला भरला. गंमत म्हणजे ईस्टर्न एअर लाइन्सचं मूळही पिटकेर्नच्याच हवाई टपाल कंपनीत, ती त्याने १९२९ मध्ये विकली होती. पिटकेर्न १९६० साली वारला. खटला त्यानंतरही चालूच राहिला आणि १९७० च्या दशकात कंपनीच्या बाजूने निकाली निघाला.