नर जास्त की मादी? ओपिऑइडचं उत्तर दोन्हीकडचं

मॉर्फीन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रेणू पकडणाऱ्या प्रथिनांवर) बसतं, त्याच ग्राहींसाठी मेंदू स्वतः पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बनवतो. हीच ओपिऑइड पेप्टाइडं. एन्केफॅलिन, डायनॉर्फिन आणि बीटा-एंडॉर्फिन ही त्यांची मुख्य घराणी. ‘ती नरात जास्त की मादीत?’ असं विचारलं जातं. हा प्रश्नच अर्धवट आहे.

रॅटच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या भागात) तिसऱ्या विवराच्या, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळीच्या, भिंतीला चिकटून एव्हीपीव्ही नावाचं चेतापेशींचं चिमुकलं केंद्र असतं. बीजविमोचनाआधीची संप्रेरकांची लाट त्याच्यामुळे उठते आणि मादीत ते मोठं असतं. डायनॉर्फिनचं जनुक चालू असलेल्या पेशी इथे मादीत जास्त, एन्केफॅलिनच्या मात्र नरात जास्त. एकाच केंद्रात दोन पेप्टाइडांचा कल उलटा!

हा फरक घडतो फार लवकर. गर्भाच्या १८व्या दिवसाच्या सुमारास आणि पुन्हा जन्मानंतर काही तासांत नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढतं. मेंदूत पोहोचल्यावर त्याचं इस्ट्राडिओल (एक इस्ट्रोजेन संप्रेरक) होतं आणि बरंचसं काम तेच करतं. मादी गर्भाच्या रक्तातलं इस्ट्राडिओल अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन बांधून ठेवतं, म्हणून तिचा मेंदू ‘नर’ होत नाही. जन्मानंतर साधारण दहा दिवसांत ही खिडकी मिटते.

म्हणून प्रयोगात नराचे वृषण जन्मानंतर २४ तासांच्या आत काढतात आणि मादीला त्वचेखाली तेलातलं टेस्टोस्टेरॉन देतात. जेमतेम सहा ग्रॅमच्या पिल्लात सुई पटकन ओढली तर तेल छिद्रातून बाहेर येतं आणि मात्रा कमी पडते. शस्त्रक्रियेसाठी पिल्लू थंड करतात. पण थंडी आणि आईपासूनची ताटातूट हाच ओपिऑइड यंत्रणेला धक्का असतो. तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ थंड केलं नाही, तर मोजमाप संप्रेरकाचं नव्हे, ताणाचं होतं.

मोजणीतही खाचखळगे आहेत. पेशीत तयार झालेलं पेप्टाइड अक्षतंतूच्या टोकाकडे निघून जातं, त्यामुळे पेशीचा गाभा रिकामा दिसतो. ते अडवायला कॉल्चिसिन हे औषध देतात, पण त्यानेही जनुकांची अभिव्यक्ती बदलते. डायनॉर्फिनची पहिली पाच अमिनो आम्लं म्हणजेच ल्यू-एन्केफॅलिन, तेव्हा पेप्टाइड ओळखायला वापरलेलं प्रतिपिंड ढिसाळ असेल तर ते दोघांना एकच समजतं. मेसेंजर आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल) मोजला तर ही गल्लत टळते. मात्र जनुक चालू आहे एवढंच कळतं, पेप्टाइड किती बाहेर पडतं ते नाही.

सर्वांत नेहमीची चूक आकडेमोडीतली. एका वेतातली पिल्लं परस्परांपासून स्वतंत्र नमुने नसतात, म्हणून वेत हेच एकक धरावं. शिवाय आई नर पिल्लांना जास्त चाटते. म्हणजे संप्रेरकांव्यतिरिक्त अनुभवही वेगळा. वेत आठ-दहा पिल्लांवर आणून नर-मादी समान ठेवले, तरी हा फरक पुरता जात नाही.

मॉर्फीनमुळे वेदना कमी होण्याचं प्रमाण प्रौढ नर रॅटमध्ये सहसा जास्त असतं. पण जन्मताच वृषण काढलेल्या नरात ते घटतं आणि जन्मताच टेस्टोस्टेरॉन दिलेल्या मादीत वाढतं.