अपोलो मोहिमांतील चांद्र अवतरण

अमेरिकेच्या अपोलो कार्यक्रमात 1969 ते 1972 या काळात माणसे सहा वेळा चंद्रावर उतरली. चंद्राला वातावरण नसल्याने तिथे पॅराशूटचा उपयोग नाही. कक्षेतला सेकंदाला सुमारे 1.7 किलोमीटरचा वेग केवळ इंजिनाच्या उलट्या रेट्याने मारावा लागे, त्यामुळे अवतरणाचा सगळा हिशेब इंधनावर येऊन ठेपत असे.

लूनर मॉड्यूलचे (चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे) इंजिन साधारण 15 किलोमीटर उंचीवर, ठरलेल्या जागेच्या सुमारे 480 किलोमीटर अलीकडे पेटे. सुरुवातीला यान जवळजवळ आडवे असे. दोन-अडीच किलोमीटर उंचीवर ते उभे होऊ लागले की कमांडरला त्रिकोणी खिडकीतून जागा प्रथमच दिसे. खिडकीच्या आतल्या आणि बाहेरच्या काचेवर अंशांच्या खुणा होत्या. संगणक कोन दाखवी, सहकारी तो मोठ्याने वाचून सांगे आणि कमांडर दोन्ही काचांवरच्या खुणा एका रेषेत आणून त्या अंशावर पाही. तिथे जे दिसे, तिथेच यान उतरणार! जागा वाईट असेल तर नियंत्रण-दांड्याला झटका देऊन ती पुढेमागे सरकवता येई. शेवटचा दीडशे मीटरांचा उतार कमांडर बहुतांशी स्वतः हाताळत असे. यानाच्या पायांखालची सुमारे 1.7 मीटर लांबीची शलाका जमिनीला लागली की निळा दिवा लागे आणि इंजिन बंद करायचे. ते चालू राहिले तर जमिनीवरून परतणाऱ्या झोताचा दाब नोझलवर (इंजिनाच्या झोत सोडणाऱ्या तोंडावर) येण्याचा धोका होता.

अपोलो 11 उतरताना (भारतात 21 जुलै 1969, रात्री 1 वाजून 47 मिनिटे) भेट-रडारच्या (परतताना कक्षेतल्या मुख्य यानाशी गाठ घालून देणाऱ्या रडारच्या) जोडणीमुळे संगणकावर फुकटचा भार पडला आणि 1202 व 1201 हे अतिभाराचे इशारे आले. संगणक कमी महत्त्वाची कामे टाकून देत पुढे चालू राहिला. त्याच्या रचनेचे हे खरे यश. यान मात्र नियोजित जागेच्या कित्येक किलोमीटर पुढे गेले. अपोलो 12मध्ये पृथ्वीवरून मोजलेली यानाच्या स्थानातली चूक उतरतानाच संगणकात भरली आणि यान आधीच तिथे उतरलेल्या सर्व्हेयर 3 या मानवविरहित यानापासून सुमारे 160 मीटरवर टेकले.

धुळीवर असा इलाज सापडला नाही. झोताने उडालेली धूळ आडवी पसरे आणि नेमक्या शेवटच्या क्षणी जमीन दिसेनाशी होई. अपोलो 15चे यान तशा धुळीत खळग्याच्या काठावर टेकून सुमारे 11 अंश कलले आणि त्याचे नोझल मुडपले.